गृहीत धरलेला वाचक

१९६० सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवरून पेंग्विन प्रकाशनसंस्थेविरुद्ध अश्लीलतेचा खटला चालला. सरकारी वकील मर्व्हिन ग्रिफिथ-जोन्स यांनी सुरुवातीच्याच भाषणात ज्यूरीपुढे एक प्रश्न ठेवला : हे पुस्तक आपल्या पत्नीने किंवा आपल्या घरच्या नोकरांनी वाचावे असे तुम्हाला वाटेल का? ज्यूरीत स्त्रियाही बसलेल्या होत्या. त्या ज्यूरीने पेंग्विनला निर्दोष ठरवले आणि तो प्रश्न खटल्यापेक्षाही अधिक काळ लोकांच्या लक्षात राहिला. त्या प्रश्नात कादंबरीविषयी एक अक्षरही नाही. प्रश्नकर्त्याच्या मनातील वाचक मात्र त्यात स्वच्छ दिसतो : स्वतः विचारणारा आणि त्याच्या बरोबरीचे पुरुष पुस्तक वाचून शाबूत राहतील, बिघडतील ते इतर, आणि ते इतर म्हणजे स्त्रिया आणि हाताखालची माणसे.

पुस्तकाविषयी आपण जाहीरपणे जो कोणता निर्णय घेतो, मग तो बंदीचा असो, अभ्यासक्रमाचा असो की परीक्षेतील गुणांचा असो, त्याच्या मुळाशी वाचकाची अशी एक प्रतिमा दडलेली असते. निर्णयाचे समर्थन करताना आपण लेखकाच्या हेतूबद्दल बोलतो, समाजाच्या नीतीबद्दल बोलतो, भाषेच्या सौंदर्याबद्दल बोलतो. वाचक कसा आहे हे मात्र न बोलता ठरवून टाकतो. विसाव्या शतकातील साहित्यविचाराने वाचकाला अर्थनिर्मितीत बरोबरीचे स्थान दिले, असे आपण विद्यापीठांतून शिकतो आणि शिकवतो. ते खरेही आहे. पण त्या विचाराने उभा केलेला वाचक आणि आपल्या सार्वजनिक जीवनाने गृहीत धरलेला वाचक या दोघांची अजून गाठ पडलेली नाही. पहिला सक्षम आहे, कारण तो घडलेला आहे. दुसरा दुबळा आहे, कारण त्याला घडवण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. या लेखात मला या अंतराबद्दल बोलायचे आहे.

दुबळ्या वाचकाला कायद्यात स्थान मिळाले ते १८६८ साली. इंग्लंडमधील हिकलिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची कसोटी घालून दिली. ज्यांची मने अनीतिमान प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत आणि ज्यांच्या हाती हे प्रकाशन पडू शकते, त्यांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे का, हे पाहायचे असे त्यांनी सांगितले. ही कसोटी वरवर काळजीची वाटते, परंतु तिचा परिणाम असा की समाजातील सर्वांत कच्च्या मनाचा माणूस उरलेल्या सगळ्यांच्या वाचनाची मर्यादा ठरवतो. पुस्तकातील एखादा सुटा उतारा त्या काल्पनिक माणसासमोर धरायचा आणि तो ढळेल अशी शंका आली की पुस्तक दोषी. आपल्याकडेही हीच कसोटी आली. मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांनी लॉरेन्सची तीच कादंबरी विकली म्हणून त्यांना झालेली शिक्षा १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तोवर इंग्लंडमध्ये ती कादंबरी खुलेआम विकली जाऊ लागून जवळपास चार वर्षे झाली होती. संपूर्ण कृती पाहावी, कलामूल्याचा विचार व्हावा, अशी काही भर त्या निकालाने घातली, पण पाया हिकलिनचाच राहिला.

याच्या नेमके उलट माप आपल्याच भूमीत त्याआधी सांगितले गेले होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात छापील मजकुरासंबंधीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटले, की शब्दांचा परिणाम विवेकी, कणखर, ठाम आणि धैर्यवान माणसांच्या मापाने जोखला पाहिजे. दुबळ्या आणि डळमळीत मनांच्या मापाने नव्हे, आणि प्रत्येक विरोधी मतात ज्यांना धोक्याचा वास येतो त्यांच्या मापाने तर नव्हेच. १९८८ साली ‘तमस’ या फाळणीवरील दूरदर्शन मालिकेचे प्रक्षेपण थांबवावे अशी मागणी झाली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती मालिका स्वतः पाहिली आणि मागणी फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर तेथे बोस यांचेच शब्द मापदंड म्हणून स्वीकारले गेले. त्या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट साधी आहे : न्यायाधीशांनी आधी कृती पाहिली. आपल्याकडील बहुतेक साहित्यिक वादांत नेमकी तेवढीच एक पायरी गाळली जाते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून जवळचा खटला चंद्रकांत काकोडकरांचा आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा आरोप झाला. दिवाळी अंक हा मराठी घरात सर्वांच्या हाती पडणारा प्रकार. आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत तो फिरतो, वाचनालयातून शेजाऱ्यांकडे जातो. त्यामुळे ‘कोणाच्या हाती पडेल’ हा प्रश्न येथे अतिशय खरा होता. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. कथेचा वाङ्मयीन दर्जा फार उच्च नसेल, लेखकाच्या अनुभवाची अपरिपक्वता तिच्यात दिसत असेल, परंतु कथा सलग वाचली असता ती अश्लील ठरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. एखाद्या सुट्या व्यक्तीवर काय परिणाम होईल हे पाहायचे नाही, ज्या वर्गाच्या हाती ती कथा पडते त्या वर्गाचा विचार करायचा, हेही तेथे स्पष्ट झाले. कामविषयक उल्लेख झाला एवढ्यावरून लिखाण अश्लील मानले तर निव्वळ धार्मिक ग्रंथ सोडून काहीच विकता येणार नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. एका लोकप्रिय, दर्जाने मध्यम अशा कथेच्या निमित्ताने हे सांगितले गेले हे मला फार मोलाचे वाटते. अभिजात कृतीचे समर्थन सोपे असते. सामान्य करमणुकीचे लिखाण वाचणाऱ्या सामान्य वाचकावर विश्वास टाकणे अवघड असते, आणि न्यायालयाने तो टाकला. पुढे २०१४ साली हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाचे माप स्वीकारले. म्हणजे ‘दुबळा वाचक’ कायद्यातून हलायला दीडशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला.

आता साहित्यशास्त्राकडे वळू. तेथे वाचकाचा विचार पाश्चात्त्यांनी विसाव्या शतकात सुरू केला, अशी जी समजूत आपल्या अभ्यासक्रमांनी पसरवली आहे ती सोडून द्यायला हवी. काश्मीरमध्ये दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात अभिनवगुप्त या साहित्यशास्त्रज्ञाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथावरील आपल्या ‘लोचन’ टीकेच्या आरंभीच सरस्वतीचे तत्त्व ‘कवी आणि सहृदय’ या जोडीत पाहिले. कवी एकटा पुरेसा नाही, त्याच्या जोडीला रसिक हवा, हे त्याने पहिल्याच श्लोकात सांगून टाकले. आणि सहृदय म्हणजे कोण, याचे त्याने दिलेले उत्तर मला आजही अपुरे वाटत नाही : काव्याच्या सततच्या अनुशीलनाने आणि अभ्यासाने ज्यांच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे, त्यामुळे वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्यात आली आहे, ते सहृदय. या व्याख्येत कुळाचा उल्लेख नाही, उपजत प्रतिभेचा नाही. उल्लेख आहे तो अभ्यासाचा. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील, म्हणजे कृतीचा रस अनुभवण्यातील, विघ्नेही मोजली आहेत. जे दाखवले जात आहे ते संभवतच नाही असे वाटणे, पात्राचे सुखदुःख आपल्याच किंवा दुसऱ्या कोणा एकाच माणसाच्या खात्यावर मांडणे, स्वतःच्या सुखदुःखाने इतके व्यापून जाणे की समोरच्या कृतीला मनात जागाच उरू नये, अशी ती विघ्ने आहेत.

ही यादी वाचताना इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स आठवल्यावाचून राहत नाही. केंब्रिजमधील आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवीचे नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यावर मोकळेपणाने लिहायला सांगितले. १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्यांनी तेरा कवितांवरील ते अभिप्राय छापले. नामवंत विद्यापीठातील इंग्रजीचे विद्यार्थी डन आणि हॉपकिन्स यांच्या कविता वाचताना साध्या अर्थालाही मुकत होते, असे त्यातून दिसले. रिचर्ड्स यांनी वाचकाच्या अडचणींची जी वर्गवारी केली तीत खासगी आठवणी मध्येच घुसणे, ठरीव साच्यातील प्रतिसाद देणे, भाबडी भावविवशता, आधीपासून धरून ठेवलेली मते कवितेवर लादणे, या गोष्टी आहेत. नऊशे वर्षांच्या आणि दोन संस्कृतींच्या अंतरावरून दोन माणसे वाचकाच्या मनातील तेच अडथळे दाखवीत आहेत. दोघांचेही म्हणणे असे आहे की वाचकाचा प्रतिसाद म्हणून जे समोर येते ते सगळेच वाचन नसते. त्यातील बराच भाग वाचकाने सोबत आणलेले सामान असते. मात्र दोघांनाही हे अडथळे दूर होण्याजोगे वाटतात. वाचक मुळातच कच्चा आहे, म्हणून त्याच्यापासून पुस्तक दूर ठेवा, असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही.

मराठीत तर या विचाराचा प्रारंभच आपल्या वाङ्मयाच्या प्रारंभाशी आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात शरदातील चंद्रकिरणांतले कोवळे अमृतकण चकोराची पिल्ले हळुवार मनाने वेचतात, असे सांगून ज्ञानदेव लगेच श्रोत्यांकडे वळतात : ‘तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा । अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥’ नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्याला अवधान मागून होते, आणि त्या अवधानाच्या बदल्यात ‘सर्वसुखासि पात्र’ होण्याचे वचन दिले जाते. संस्कृत न जाणणाऱ्या, ज्यांना गीता ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला होता अशा माणसांसमोर गीतेतील सर्वांत अवघड प्रमेये मांडताना ज्ञानदेवांनी ती पातळ केली नाहीत. त्यांनी श्रोत्याला पात्र मानले, आणि पात्रतेची एकच अट घातली, ती म्हणजे लक्ष.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य मांडणीने यात भर घातली ती तंत्राच्या बाजूने. जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली, प्रत्येक पिढीचा वाचक आपल्या अपेक्षांचे एक क्षितिज घेऊन कृतीपाशी येतो, हे दाखवले. त्यांचे सहकारी वोल्फगांग ईझर यांनी संहितेतील मोकळ्या जागांवर बोट ठेवले : लेखक सगळे सांगत नाही, न सांगितलेले वाचक भरतो, आणि हे भरणे म्हणजेच वाचणे. या मोकळ्या जागा म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी बाळ सीताराम मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या १९४७ च्या संग्रहातील सर्वांत गाजलेली कविता घेऊ.

‘पिपांत मेले ओल्या उंदिर; माना पडल्या, मुरगळल्याविण; ओठांवरती ओठ मिळाले; माना पडल्या, आसक्तीविण.’ उंदीर पिंपात कसे आले, कोणी टाकले की आपणच पडले, पिंप कशाने ओले आहे, यातले काहीही कवी सांगत नाही. माना पडल्या आहेत पण मुरगळणारा हात नाही. ओठ ओठांना टेकले आहेत पण ओढ नाही. दोन ओळींच्या शेवटी येणारे दोन नकार दोन रिकाम्या जागा तयार करतात. मारणाऱ्याशिवाय मृत्यू आणि प्रेमाशिवाय मीलन अशी ती चित्रे वाचकाला स्वतः पूर्ण करावी लागतात. पुढे ‘जगायची पण सक्ती आहे; मरायची पण सक्ती आहे’ या ओळी येतात तेव्हा उंदरांची गोष्ट माणसांची होते, पण कोणत्या माणसांची, हे पुन्हा मोकळेच राहते. कोणाला यात महायुद्धातील सामूहिक मृत्यू दिसतो, कोणाला महानगरातील यांत्रिक जगणे दिसते, कोणाला त्याही पलीकडची, अस्तित्वालाच चिकटलेली सक्ती दिसते. हे सगळे अर्थ कवितेला पेलतात. मात्र उपद्रवी प्राणी मेल्याचे समाधान या कवितेत आहे असे कोणी म्हणाले, तर ‘गरिब बिचारे बिळांत जगले’ ही ओळ त्याला तिथेच अडवते. वाचकाचे स्वातंत्र्य आणि त्याची सीमा अशी एकाच कवितेत, अगदी शेजारी शेजारी दिसते. याच संग्रहातील कवितांवरून मुंबई सरकारने मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला भरला होता आणि त्यातून ते निर्दोष सुटले. खटला भरणाऱ्यांनीही त्या कविता वाचल्याच होत्या. पण मोकळ्या जागेत काय भरायचे हे त्यांनी वाचण्याआधीच ठरवलेले होते.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांच्या १९६७ च्या निबंधाने लेखकाच्या मृत्यूची, म्हणजे अर्थावरील लेखकाचा अधिकार संपल्याची, घोषणा केली आणि आपल्याकडे तिचा अर्थ असा पसरला की आता कोणीही काहीही अर्थ लावावा. मला ही समजूत घातक वाटते. इटालियन विचारवंत उम्बेर्तो एको यांनी खुल्या, म्हणजे अनेक अर्थांना वाव देणाऱ्या, संहितेची बाजू १९६२ पासून मांडली, आणि पुढे स्वतःच अर्थाच्या मर्यादांवर ग्रंथ लिहिला. लेखकाचा हेतू आणि वाचकाचा हेतू यांच्या जोडीला संहितेचाही एक हेतू असतो आणि वाचकाचा प्रत्येक अंदाज संहितेच्या सलग वाचनावर तपासावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन समीक्षक स्टॅन्ली फिश यांचे ‘अर्थ लावणाऱ्या समूहां’चे मत, म्हणजे अर्थ मजकुरात नसून वाचकसमूहाच्या वाचण्याच्या सवयींतून ठरतो हे मत, याहून टोकाचे आहे. फळ्यावर राहिलेली भाषाशास्त्रज्ञांच्या नावांची यादी त्यांच्या विद्यार्थ्यांनी धार्मिक कविता म्हणून कशी सहज वाचली, हा त्यांनी सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. परंतु त्या प्रसंगातूनही एवढे निश्चित दिसते की वाचण्याच्या सवयी शिकवलेल्या असतात. आणि सवयी शिकवल्या जातात म्हटल्यावर, कोण शिकवतो आणि कोणत्या शिकवतो, हा प्रश्न टाळता येत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. ‘सक्षम वाचक’, ‘सहृदय’, ‘रसिक’ ही विशेषणे आपल्या इतिहासात कोणाला मिळाली? ज्यांना पाटीपेन्सिलीपर्यंत पोचूच दिले गेले नाही त्यांना अपात्र ठरवून, ज्यांच्या हाती ग्रंथ होते त्यांनी आपल्याच अभिरुचीला सौंदर्यशास्त्र म्हटले. शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची स्वतंत्र मांडणी करताना, वेदनेच्या आणि नकाराच्या साहित्याला आनंदाचे माप लावता येणार नाही, असे बजावले ते याच अनुभवातून. दुबळ्या वाचकाच्या नावाने बंदी घालणारा आणि सक्षम वाचकाच्या नावाने इतरांना दाराबाहेर ठेवणारा, हे दोघे एकाच वृत्तीचे असू शकतात.

म्हणूनच सक्षम वाचनाची माझ्या मनातील उदाहरणे विद्यापीठांतील नाहीत. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या शाळेतील ही मांग समाजातील मुलगी होती, आणि तिच्या शिक्षणाला फार वर्षेही झालेली नव्हती. वेद ही आमचीच मत्ता आहे, ते आम्हीच पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात. तर मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे उघड झाले, असा निष्कर्ष तिने काढला. जे वाचायला बंदी आहे त्या ग्रंथाचे ती वाचन करू शकत नव्हती, म्हणून तिने ती बंदीच वाचली, आणि तिच्यातील तर्क शेवटपर्यंत नेऊन दाखवला. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’त पुराणांतील देव-ऋषींच्या कथा आणि समकालीन नाटके-कादंबऱ्या अशाच उलटून वाचल्या. स्त्रीला दुर्गुणांची खाण म्हणणाऱ्या मजकुरात पुरुषांचे वर्तन काय दिसते, हे त्यांनी एकेक करून मांडले. जुडिथ फेटर्ली यांनी ‘प्रतिकार करणाऱ्या वाचका’ची संकल्पना अमेरिकेत १९७८ साली मांडली. आपल्याकडे तो वाचक त्याआधी शतकभर लिहून गेला होता. मुक्ता आणि ताराबाई यांना ग्रिफिथ-जोन्स यांच्या प्रश्नातील ‘पत्नी आणि नोकर’ यांच्याच रांगेत बसवले गेले असते. त्यांच्याइतक्या कणखर वाचक त्या काळातील पंडितांतही विरळाच सापडतील. सक्षमता ही कोणा एका वर्गाची मिरास नाही, हे सिद्ध करायला याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

दुसऱ्या दिशेचे उदाहरण १९७२ सालचे आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. मराठी रंगभूमीवर तोवर नाव झालेला हा लेखक त्या कवितांपुढे आपले अज्ञान लपवत नाही; जे शब्द कळले नाहीत ते कवीकडून समजून घेतो, कवितांतली वस्ती कवीबरोबर पाहतो आणि पांढरपेशा जगाची सीमा जिथे संपते तिथून या कवितेचे विश्व सुरू होते, असे आपल्याच वर्गाच्या वाचकांना सांगतो. आपले क्षितिज अपुरे आहे, हे कळल्यावर कवितेला दोष देण्याचा मार्ग त्यांना खुला होता. तो त्यांनी घेतला नाही. ज्याला सहृदय व्हायचे आहे त्याने सवर्ण अभिरुचीच्या बाहेर जाऊन करायचा अभ्यास कसा असतो, हे या प्रस्तावनेत दिसते.

आजच्या वादांत वाचकाचे हक्क मोठ्याने सांगणारा आणखी एक माणूस उभा असतो : भावना दुखावलेला. मला या मजकुराचा असा अर्थ लागला, अर्थ लावण्याचा मला हक्क आहे, आणि त्या अर्थाने मी दुखावलो आहे, म्हणून पुस्तक मागे घ्या, असे त्याचे म्हणणे असते. वाचककेंद्री सिद्धान्ताची भाषा त्याच्या तोंडी बसते हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याला उत्तर देताना ‘तुला कळत नाही’ असे म्हणून भागणार नाही, कारण तेच तर शतकानुशतके बहुजनांना ऐकवले गेले. उत्तर असे हवे : तुझा अर्थ तू संपूर्ण पुस्तकावर तपासून दाखव. एका पानाचे भ्रमणध्वनीवर फिरणारे छायाचित्र पाहून जे होते ते वाचन नव्हे. त्यात संहितेला उलट उत्तर देण्याची संधीच मिळालेली नसते. ज्याने पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आहे आणि तरीही ज्याला ते अन्यायकारक वाटते, त्याच्या रागाला मी मान देईन. ताराबाईंचा राग असाच होता. पण त्यांनी कोणत्याही ग्रंथावर बंदी मागितली नाही. त्यांनी दुसरा ग्रंथ लिहिला.

हा सारा विचार शेवटी जिथे उतरायला हवा ती जागा म्हणजे शाळेतील मराठीचा तास, आणि नेमकी तिथेच आपली परिस्थिती सर्वांत वाईट आहे. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेवर जे मुद्दे विचारले जातात त्यांत कवी किंवा कवयित्रीचे नाव, कवितेचा विषय, ‘कवितेतून मिळणारा संदेश’, भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे असतात, आणि एक मुद्दा ‘कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण’ असाही असतो. ही शेवटची ओळ ज्यांनी त्या आराखड्यात घातली त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण त्या ओळीने वाचकाला ‘ही कविता मला आवडली नाही’ असे म्हणण्याचा अधिकार दिला. प्रत्यक्षात मात्र गाईडमध्ये प्रत्येक कवितेखाली ती आवडण्याचे कारण तयार छापलेले असते, खासगी शिकवणीत ते उतरवून घेतले जाते, आणि हजारो मुले एकाच शब्दांत एकाच कारणासाठी ती कविता आवडल्याचे लिहितात. न आवडल्याचे कारण लिहिण्याची जोखीम फार थोडी मुले घेतात, कारण परीक्षकाला ते रुचेल की नाही, याची त्यांना धास्ती असते. रसग्रहणाचेही तसेच : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन कप्प्यांत वाक्ये आधीच ठरलेली असतात, आणि कवितेचे नाव बदलले तरी त्यांतील अर्धीअधिक वाक्ये जशीच्या तशी चालतात. ज्या मुलाने अशा रीतीने दहा वर्षे मराठी ‘वाचली’, त्याने पुढे एखाद्या पुस्तकावर न वाचता मत दिले तर आपण चकित का व्हावे? कवितेपर्यंत न पोचता कवितेबद्दल लिहिता येते, हे त्याला आपणच शिकवले.

यावर शिक्षकांकडून येणारी अडचण खरी आहे. भरलेल्या वर्गात, वर्षभराच्या वेळापत्रकात, प्रत्येक मुलाचे स्वतंत्र वाचन ऐकायला वेळ नसतो, आणि लाखो उत्तरपत्रिका तपासताना समान माप हवे, म्हणून नमुना उत्तर लागते. परंतु निबंधलेखनाचे गुण आजही परीक्षकाच्या विवेकावरच दिले जातात आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. अपठित गद्य उताराही त्याच कृतिपत्रिकेत असतो. मुलाने पूर्वी न पाहिलेला मजकूर समजून घ्यावा, हे तत्त्व शिक्षण मंडळाने तेथे मान्य केलेलेच आहे. तेच कवितेला लावता येईल. कवीचे नाव न देता एक अपठित छोटी कविता द्यावी, तिच्यातील न सांगितलेली एक जागा दाखवून ती तू कशी भरशील असे विचारावे, आणि गुण द्यावेत ते उत्तरात कवितेतील कोणत्या शब्दाचा, कोणत्या ओळीचा आधार घेतला आहे त्यावर. दोन मुलांनी परस्परविरोधी अर्थ लावले आणि दोघांनीही आपापल्या ओळी दाखवल्या, तर दोघांनाही पूर्ण गुण मिळावेत. आणि आधार न देता लिहिलेल्या सुंदर वाक्यांना शून्य द्यायला परीक्षकाने कचरू नये. नमुना उत्तराच्या जागी परीक्षकांना अशा चार-पाच खऱ्या उत्तरपत्रिका वाचायला देऊन, त्यांच्यात चर्चा घडवून, मग तपासणी सुरू करता येईल. रिचर्ड्स यांनी आपल्या वर्गात केले ते याहून फार वेगळे नव्हते. पहिल्या वर्षी निकाल वाईट लागतील, पालक तक्रार करतील, गाईडवाले अपठित कवितांचेही संच काढतील. तरीही सुरुवात म्हणून हा एक प्रश्न, अगदी चार गुणांचा का होईना, कृतिपत्रिकेत यायला हवा, आणि तो आणण्यासाठी मराठीच्या प्राध्यापकांनी आपल्या चर्चासत्रांतील ईझर आणि अभिनवगुप्त घेऊन शिक्षण मंडळाच्या दारी जायला हवे.